‘आदर्श वजन’ कशासाठी? तुमच्या आक्षेपाला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. नुसती उंची आणि लिंग पाहून काढलेलं ‘आदर्श वजन’ हाडापेराचा विचारच करत नाही आणि ११० किलोच्या माणसाला ६६ किलोचा धरून उपचार करणं ही शुद्ध डोळेझाक आहे, असं तुम्ही लिहिलंय.

पहिला मुद्दा बरोबर आहे. डेव्हाइन या अभ्यासकांनी १९७४ साली जेंटामायसिन या अँटिबायोटिकवरच्या लेखात दिलेलं सूत्र एवढंच: ५ फुटांना पुरुषाचे ५० किलो, स्त्रीचे ४५.५, पुढे दर इंचाला २.३. त्यात बांध्याला जागा नाही.

दुसरा मुद्दा मात्र मला मुळीच पटत नाही. तुमचाच माणूस घेऊ, उंची १७० सेंटिमीटर. तो व्हेंटिलेटरवर आहे. वजन वाढलं म्हणून फुप्फुसं वाढत नाहीत, ती उंचीच्या मापाचीच राहतात. किलोमागे ६ मिली धरले तर ६६ किलोंना एका श्वासाला ३९६ मिली हवा होते, ११० किलोंना ६६०. फुप्फुसं सुजलेली असताना ही जास्तीची हवा उरलेल्या चांगल्या भागात घुसते आणि तो ताणून जखमी करते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत किलोमागे १२ मिलीच्या गटात ३९.८ टक्के रुग्ण दगावले, ६ मिलीच्या गटात ३१ टक्के. तिथेही वजन उंचीवरूनच काढलं होतं.

औषधांचं गणित निराळं. जेंटामायसिन चरबीत फारसं शिरत नाही, पण अजिबात शिरत नाही असंही नाही. म्हणून ६६ मध्ये ११० आणि ६६ मधल्या फरकाचे ४० टक्के मिळवून ८३.६ किलोंवर डोस काढतात. पूर्ण ११० धरले तर मूत्रपिंड आणि कान धोक्यात. स्नायू सैल करणारं सक्सामेथोनियम मात्र काट्यावरच्या वजनावरच देतात. आणि रुग्ण आदर्श वजनापेक्षा हडकुळा असेल, तर औषधाच्या डोससाठी त्याचं खरं वजनच धरायचं.

मला खरी काळजी वाटते ती उंचीची. गुडघे दुमडून पडलेल्या रुग्णाकडे बघून कुणीतरी अंदाजे ‘५ फूट ८’ लिहितं. १० सेंटिमीटर चुकले की आदर्श वजन ९ किलोंनी चुकतं, म्हणजे दर श्वासाला जवळपास ५५ मिली. पाय सरळ होत नसतील तर कोपरापासून मनगटापर्यंतचं हाड टेपनं मोजून उंची काढता येते. तुमचं कुणी आयसीयूत असेल, तर उंची मोजली की अंदाजे लिहिली, हे जरूर विचारा.