हुंडा न घेता घ्यायची रीत

मुलाचं लग्न ठरवताय ना? मग पहिल्याच भेटीत, पोहे संपायच्या आत, स्वच्छ सांगून टाका : "देवाच्या दयेनं आम्हाला काही कमी नाही. हुंडा घेणाऱ्यांतले आम्ही नव्हे." एवढं म्हणून गप्प बसा. पुढचं मध्यस्थानं बोलायचं. जिना उतरताना त्यानं मुलीच्या वडिलांच्या कानाशी लागावं, "मागच्या महिन्यात एक स्थळ चारचाकी द्यायला तयार होतं. ह्यांनीच थांबवलंय."

१९६१ च्या कायद्यानं हुंडा मागितला तर किमान सहा महिने आणि घेतला तर किमान पाच वर्षं कैद आहे. म्हणून मागायचं नाही. "तुमच्या मुलीच्या अंगावर काय घालायचं ते तुम्ही बघा," असं म्हणायचं. किती तोळे, हे ते बिचारे स्वतःच विचारतात. तेव्हा थोरल्या सुनेच्या अंगावर किती आलं होतं, ते सहज आठवावं. लग्न दोन्ही अंगांनी करून द्या, असं खुशाल सांगा. तो खर्च झाला, हुंडा नव्हे! आमची माणसं फार, हॉल जरा मोठा बघा, ही तर नुसती माहिती.

मुलाला बैठकीत बोलू देऊ नका. ८ मार्चला स्त्रीशक्तीचं स्टेटस ठेवणारा मुलगा अशा वेळी मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेलाच बरा. फारच कोणी छेडलं तर "मोठे ठरवतील ते" एवढं त्याला पाठ करून द्या.

मग याद्या. वर 'श्री गजानन प्रसन्न', खाली मानपान, भांडी, सोनं, शेवटी दोन्हीकडच्या सह्या. यादी तशी सरकारलाही हवी असते. न मागता मिळालेल्या भेटवस्तू, त्यांची अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं लिहून वधूवरांनी सही करावी, असा १९८५ चा नियम आहे. ती यादी केलेलं घर मी तरी पाहिलेलं नाही.

मुलीच्या बापाची दया येऊ देऊ नका. त्यांचाही धाकटा लग्नाचा आहे. पोह्यांवरचं तुमचं वाक्य ते तुमच्याहून सफाईनं म्हणतील.

पत्रिकेवर 'आपले आशीर्वाद हाच आहेर' छापाच. मांडवाबाहेर हार घातलेली गाडी पाहून कोणी खवचटपणे विचारलं, तर दुखावल्यासारखं म्हणा, "छे हो, सासऱ्यांची हौस!" रंग मात्र बैठकीतच सांगून ठेवा. ऐन वेळी हवा तो मिळत नाही.