सँडर्सवाल्यांच्या माथी फोडलेलं खापर

अमेरिकेत प्रायमरीचे, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाचे, दिवस आले की २०१६ च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीचा एक दावा हमखास पुन्हा फिरायला लागतो. तिकडच्या मराठी मंडळींच्या गटांमधून तो इकडेही येतो. थोडक्यात असा: "डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी हिलरी क्लिंटन यांना मिळाली म्हणून बर्नी सँडर्सचे समर्थक रुसले. त्यातले १२ टक्के थेट डोनाल्ड ट्रम्पकडे गेले. सँडर्स यांनी वेळेवर माघार घेतली नाही आणि नंतर मनापासून प्रचारही केला नाही. अन्यायाची सगळी ओरड म्हणजे हरलेल्यांचं रडगाणं. या गद्दारांनीच हिलरींना पाडलं."

दावा सोपा आहे आणि त्यातला एक आकडा खरा आहे, म्हणून तो टिकून आहे. पण त्या एका आकड्यावर जी इमारत उभी केली आहे, ती टिकत नाही. आणि ती टिकू देणं मला धोक्याचं वाटतं, कारण पक्षातल्या नाराज मतदाराला गद्दार ठरवलं की त्याचं ऐकून घ्यायची जबाबदारीच संपते.

"१२ टक्के फुटले, आणि तेवढ्यावरच निकाल फिरला."

आधी मान्य करण्यासारखं मान्य करू. निवडणुकीनंतर झालेल्या सीसीईएस या मोठ्या मतदार पाहणीत, प्रायमरीत सँडर्सना मत दिलेल्यांपैकी सुमारे १२ टक्के लोकांनी नोव्हेंबरमध्ये ट्रम्पना मत दिल्याचं आढळलं. क्लिंटन मिशिगनमध्ये १०,७०४ मतांनी हरल्या, विस्कॉन्सिनमध्ये २२,७४८ मतांनी आणि पेनसिल्वेनियात साधारण ४४ हजारांनी. सँडर्सना देशभरात १ कोटी ३० लाखांवर मतं होती. तेव्हा फुटलेल्यांची बेरीज या फरकांपेक्षा मोठी भरते, यात वाद नाही.

पण इतक्या थोड्या फरकानं निकाल लागतो तेव्हा कुठलाही गट हातात घ्या, त्याची बेरीज फरकापेक्षा मोठीच भरते. मिशिगनमधलंच बघा. डेट्रॉइट ज्या वेन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) येतं, तिथे ओबामांना २०१२ मध्ये जेवढी मतं मिळाली त्यापेक्षा क्लिंटन यांना सुमारे ७६ हजार कमी मिळाली. त्याच राज्यात ७५ हजारांवर मतदार केंद्रावर गेले, मतपत्रिका भरली आणि राष्ट्राध्यक्षपदाची जागा मात्र कोरी सोडून आले. ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांना ५१ हजारांवर मतं पडली. देशभरात ओबामांना दोनदा कौल देणाऱ्या २०६ काउंट्या ट्रम्पकडे गेल्या. मतदानाला ११ दिवस उरले असताना एफबीआयच्या संचालकांनी क्लिंटन यांच्या खासगी ईमेल सर्व्हरचं प्रकरण पुन्हा उघडल्याचं पत्र काँग्रेसला पाठवलं, ते वेगळंच. यातलं कुठलंही एक कारण उचलून "याच्यामुळेच" म्हणता येतं. मग बोट दरवेळी एकाच गटाकडे का?

शिवाय १२ टक्के हा आकडा जास्त की कमी, हे कशाच्या तुलनेत ठरवायचं? २००८ मध्ये क्लिंटन स्वतः ओबामांकडून हरल्या. तेव्हा त्यांना प्रायमरीत मत दिलेल्यांपैकी किती जण नोव्हेंबरमध्ये रिपब्लिकन जॉन मॅकेन यांच्याकडे गेले? एक्झिट पोलच्या हिशेबानं १५ टक्क्यांच्या आसपास, सीसीईएसच्या हिशेबानं जवळजवळ २५. दोन्ही २०१६ पेक्षा जास्त. ओबामा सात टक्क्यांच्या फरकानं जिंकले, म्हणून त्या फुटलेल्या मतांची आठवण आज कोणी काढत नाही. २०१६ मध्ये उलट दिशेनंही लोक गेले. रिपब्लिकन प्रायमरीत जॉन केसिक यांना मत दिलेल्यांपैकी जवळपास तिसरा हिस्सा नोव्हेंबरमध्ये क्लिंटनकडे वळल्याचं रँड संस्थेच्या पाहणीत दिसलं. त्यांना गद्दार म्हणताना मी तरी कोणाला ऐकलेलं नाही.

"हे पक्षाचेच मतदार होते, त्यांनी दगा दिला."

सगळ्या दाव्यात हा मुद्दा सर्वांत कच्चा आहे. तो समजायला वेस्ट व्हर्जिनियात जायला हवं.

कोळशाच्या खाणींचं हे राज्य. खाण कामगारांच्या युनियनमुळे पिढ्यान्‌पिढ्या घरं डेमोक्रॅट म्हणून नोंदलेली. नोंदणी तशीच राहिली, मन मात्र २००० सालापासूनच पक्षावरून उडालं होतं. २००८ च्या प्रायमरीत तिथे क्लिंटन यांनी ओबामांना ६७ विरुद्ध २६ टक्के असं धूळ चारून हरवलं. २०१२ मध्ये ओबामा विद्यमान राष्ट्राध्यक्ष, पक्षात आव्हान नावालाही नाही. तरी प्रायमरीत त्यांच्याविरुद्ध टेक्सासच्या तुरुंगात शिक्षा भोगत असलेल्या एका कैद्याचं नाव मतपत्रिकेवर आलं आणि त्याला ४१ टक्के मतं पडली. हे मत त्या कैद्याला होतं असं कोणी म्हणेल का? ते ओबामांच्या विरोधात होतं. पुढे २०१६ च्या मे महिन्यात त्याच राज्यातल्या ५५ च्या ५५ काउंट्या सँडर्स यांनी जिंकल्या. त्या दिवशीच्या एक्झिट पोलमध्ये सँडर्सना मत देऊन बाहेर पडलेल्यांपैकी मोठ्या हिश्श्यानं सरळ सांगितलं की नोव्हेंबरमध्ये आम्ही ट्रम्पला मत देणार. मत टाकून बाहेर येतानाच हे सांगणारा माणूस नंतर फुटला असं कसं म्हणायचं?

सीसीईएसच्या तपशिलातही हेच दिसतं. सँडर्सकडून ट्रम्पकडे गेलेल्यांपैकी बरेच जण स्वतःला डेमोक्रॅट म्हणवत नव्हते आणि ओबामांच्या कारभारावर बहुतेकांची नाराजी होती. मिशिगन आणि विस्कॉन्सिनमध्ये तर मतदाराची पक्षनिहाय नोंदणीच नसते. त्या दिवशी हवी त्या पक्षाची मतपत्रिका घ्यायची आणि मत द्यायचं. अशा मतदारावर पक्षाचा हक्क कुठला? मतदार म्हणजे कोणाच्या दावणीला बांधलेली गुरं नाहीत, की धन्यानं दोर दुसऱ्याच्या हाती दिला आणि ती मुकाट्यानं मागे चालू लागली. सँडर्सना मिळालेलं मत सँडर्सच्या मालकीचं झालं, हेच मुळात चुकीचं गृहीतक आहे. ती मतं क्लिंटन यांना स्वतः मिळवायची होती.

"सँडर्स अडून बसले, मग प्रचारातही हात आखडता घेतला."

तारखा बघा. ६ जूनला असोसिएटेड प्रेसनं क्लिंटन यांची उमेदवारी पक्की झाल्याची बातमी दिली. ७ जूनला कॅलिफोर्नियात मतदान. म्हणजे देशातल्या सर्वांत मोठ्या राज्यानं मत द्यायच्या आदल्या संध्याकाळी निकालाची बातमी. १२ जुलैला सँडर्स यांनी न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथ इथे क्लिंटन यांच्या शेजारी उभं राहून पाठिंबा जाहीर केला. २००८ मध्ये क्लिंटन यांनी ७ जूनला, शेवटच्या प्रायमरीनंतर चार दिवसांत ओबामांना पाठिंबा दिला होता. सँडर्स यांनी महिनाभर जास्त घेतला हे खरं. त्या महिन्यात पक्षाच्या जाहीरनाम्यावर घासाघीस झाली आणि तासाला १५ डॉलर किमान वेतन त्यात आलं. हरलेल्या गटाच्या पदरात काहीतरी पडलं, तरच त्याला पुढे सोबत नेता येतं.

मग फिलाडेल्फिया. २५ जुलै, उमेदवारीवर शिक्कामोर्तब करणाऱ्या पक्षाच्या अधिवेशनाचा पहिला दिवस. दुपारी सँडर्स आपल्या डेलिगेट्ससमोर, म्हणजे अधिवेशनात मत देणाऱ्या प्रतिनिधींसमोर, उभे राहिले. हे लोक घरची कामं टाकून, कित्येक जण खर्चासाठी वर्गणी गोळा करून आलेले. क्लिंटन आणि त्यांचे उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार टिम केन यांना निवडून आणायचं आहे, असं सँडर्स यांनी म्हणताच त्यांच्याच माणसांनी हुर्यो उडवली. ज्यांच्यासाठी वर्षभर दारं ठोठावली त्याच नेत्यावर. सँडर्स थांबले नाहीत, ट्रम्प जिंकले तर काय होईल ते सांगत राहिले. दुसऱ्या दिवशी राज्यवार मतमोजणी झाली. सँडर्स यांच्या व्हरमाँट राज्यानं आपली पाळी मुद्दाम शेवटी ठेवली होती. ती आली तेव्हा सँडर्स यांनी स्वतः माइक घेऊन क्लिंटन यांची उमेदवारी एकमतानं जाहीर करावी असा प्रस्ताव मांडला. सभागृहात काहींचे डोळे पाणावले होते, काही जण उठून निघून गेले.

निष्ठेची ही ओढाताण नेत्याच्या एका आदेशानं सुटत नसते. सँडर्स यांनी मात्र त्यानंतर राज्याराज्यांत सभा घेतल्या, त्यात विस्कॉन्सिनही होतं. क्लिंटन स्वतः मात्र ५ एप्रिलची विस्कॉन्सिनची प्रायमरी हरल्यानंतर नोव्हेंबरपर्यंत त्या राज्यात एकदाही प्रचाराला गेल्या नाहीत. १९७२ नंतर एखाद्या प्रमुख पक्षाच्या उमेदवारानं विस्कॉन्सिन असं टाळण्याची ती पहिलीच वेळ होती.

आपल्याकडची सवय इथे आड येते असं मला वाटतं. तिकीट नाकारलं की अपक्ष अर्ज भरायचा, स्वतः पडायचं पण पक्षाच्या उमेदवाराला घेऊन पडायचं, हे महाराष्ट्रानं दर निवडणुकीत पाहिलेलं आहे. बहुतेक अमेरिकी राज्यांत प्रायमरी हरलेल्याला त्याच निवडणुकीत अपक्ष उभं राहता येत नाही असे कायदे आहेत. सँडर्स यांनी तर सुरुवातीलाच अपक्ष लढणार नाही असं सांगून टाकलं होतं आणि ते पाळलं. बंडखोर हा शब्द त्यांना लागू होत नाही.

"अन्यायाची ओरड म्हणजे निव्वळ रडगाणं."

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. उमेदवारी चोरली गेली, असं काही सँडर्स समर्थक आजही म्हणतात. ते मला पटत नाही. क्लिंटन यांना प्रायमऱ्यांत सुमारे ३७ लाख मतं जास्त मिळाली, निवडून आलेल्या डेलिगेट्समध्येही त्या २,२०५ विरुद्ध १,८४६ अशा पुढे होत्या. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय मतदारांनी त्यांना भरभरून कौल दिला. तो कौल नाकारणं हा त्या मतदारांचा अपमान आहे.

पण चोरी झाली नाही म्हणून तक्रारी खोट्या ठरत नाहीत. एकाही राज्यात मतदान व्हायच्या आत, नोव्हेंबर २०१५ मध्येच, ३५९ सुपरडेलिगेट (प्रायमरीतून न निवडलेले, हवं त्याला मत देऊ शकणारे पक्षाचे नेते आणि पदाधिकारी) क्लिंटन यांच्या बाजूला होते आणि ८ सँडर्सच्या. न्यू हॅम्पशायरमध्ये सँडर्स ६० विरुद्ध ३८ टक्क्यांनी जिंकले. टीव्हीवर मात्र डेलिगेट्सचा आकडा १५-१५ दिसत होता, कारण तिथले सहा सुपरडेलिगेट क्लिंटन यांच्या खात्यात आधीच जमा होते. बर्फात रांग लावून मत दिलेल्या माणसानं ते बघून काय समजायचं? उमेदवारांच्या काही वादचर्चा शनिवारी-रविवारी ठेवल्या. जुलैमध्ये पक्षाच्या राष्ट्रीय समितीचे ईमेल बाहेर आले. तटस्थ राहायला बांधील असलेले अधिकारी त्यात सँडर्सविरुद्ध काय करता येईल याची चर्चा करत होते. समितीच्या अध्यक्षा डेबी वॉसरमन शुल्ट्झ यांना पायउतार व्हावं लागलं आणि समितीनं जाहीर माफी मागितली. माफी रडगाण्याची मागत नाहीत.

न्यूयॉर्कची गोष्ट तर सर्वांत बोलकी. प्रायमरी १९ एप्रिल २०१६ ला. तिथे पक्षात नोंद असलेल्यालाच त्या पक्षाच्या प्रायमरीत मत देता येतं. पण पक्षाची नोंदणी बदलून डेमोक्रॅट व्हायचं असेल तर शेवटची तारीख होती ९ ऑक्टोबर २०१५, म्हणजे सहा महिन्यांहून आधी. डेमोक्रॅट उमेदवारांची पहिली वादचर्चाही न पाहिलेल्या माणसानं तेव्हाच ठरवायचं. ट्रम्प यांची मुलं इव्हान्का आणि एरिक यांचीही ती तारीख हुकली आणि त्यांना स्वतःच्या वडिलांना मत देता आलं नाही. श्रीमंतांच्या मुलांचं हसू झालं, बातमी झाली. ब्रुकलिनमध्ये सव्वा लाखाच्या आसपास नावं यादीतून गायब झालेली होती. लोक शाळेतल्या केंद्रावर जायचे, कर्मचारी यादीवरून बोट फिरवायचे, नाव सापडायचं नाही. मग प्रतिज्ञापत्रावर मत लिहून द्यायचं, ते मोजलं जाईलच याची खात्री नाही. नावं गेलेल्यांत लॅटिनो वस्त्यांमधले लोक जास्त होते, म्हणजे फटका एकट्या सँडर्सना बसला असं नाही. राज्य क्लिंटन यांनी सुमारे तीन लाख मतांनी जिंकलं, तेही खरं. तरी परत फिरलेल्या मतदाराचा संताप खोटा होत नाही.

यातल्या बऱ्याच तक्रारी पुढे पक्षानं आणि कायद्यानंच मान्य केल्या. ऑगस्ट २०१८ मध्ये शिकागोला राष्ट्रीय समितीनं ठरवलं की अटीतटीची लढत असेल तर पहिल्या फेरीत सुपरडेलिगेट मत देणार नाहीत. न्यूयॉर्कनं २०१९ मध्ये कायदा बदलला आणि २०२० च्या प्रायमरीसाठी पक्ष बदलायची मुदत १४ फेब्रुवारीपर्यंत नेली. त्या वर्षी सँडर्स पुन्हा हरले, जो बायडन यांच्याकडून. ८ एप्रिलला त्यांनी माघार घेतली आणि १३ एप्रिलला बायडन यांना पाठिंबा दिला. दोन्ही गटांच्या माणसांच्या संयुक्त समित्या बसल्या आणि त्यांनी धोरणांचा मसुदा तयार केला. नोव्हेंबरमध्ये मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्वेनिया, तिन्ही राज्यं डेमोक्रॅट्सकडे परत आली.