वादळ गेलं, सामान ठेवून गेलं

हिवाळी वादळ ओसरतं, आभाळ धुतल्यासारखं निघतं आणि घरात कोंडलेला सायकलवाला म्हणतो, चला, आज शंभर किलोमीटरची फेरी. हवामानाचा नकाशा स्वच्छ असतो. तो आकाशाचा असतो, रस्त्याचा नव्हे, एवढीच काय ती भानगड. फांद्या, काटे, गारगोटीच्या कपच्या, शेतातून वाहून आलेला गाळ असा सगळा ऐवज वादळ खालीच सोडून जातं. तो वेचायचं काम आपले दोन टायर बिनपगारी करतात.

वाराही पुरता गेलेला नसतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे ताशी 20 किलोमीटरने चालवताना समोरून 20 चा वारा आला, तर अंगावर 40 चा वारा येतो आणि विरोध चौपट होतो. येताना वारा पाठीशी असेल, फिट्टंफाट होईल, या आशेवर माणूस पायडल मारत राहतो. होत नाही फिट्टंफाट. शांत हवेत ताशी 25 ने 100 किलोमीटरला 4 तास लागतात. वाऱ्यात निम्मं अंतर 15 ने आणि निम्मं 30 ने कापलं, तर 3 तास 20 मिनिटं अधिक 1 तास 40 मिनिटं, म्हणजे 5 तास. छळाचा वेळ दुप्पट आणि सुखाचा निम्मा, असा हा व्यवहार आहे. तरीही सकाळी वाऱ्याच्या तोंडावरच निघावं. उलट केलं की दुपारपर्यंत आपली तब्येत काय झकास आहे असं वाटतं, आणि खरी तब्येत संध्याकाळी घरापासून 50 किलोमीटरवर कळते. हिवाळ्याचा दिवस आधीच तोकडा. रात्र थोडी सोंगं फार म्हणतात, इथे रात्रही भरपूर असते आणि थंडीत दिव्याची बॅटरी लवकर मान टाकते.

आता मुख्य विषय: पंक्चर. पावसाळी रस्त्यावर ती जास्त होतात, यात नशिबाचा काही संबंध नाही. ओलं रबर कोरड्यापेक्षा सहज कापलं जातं. पाणी वंगणाचं काम करतं. रबर कापणारे कारागीर पातं ओलं करतात ते उगाच नाही. त्यात पाण्याने सगळे काटे आणि कपच्या रस्त्याच्या कडेला आणून रचलेल्या असतात, आणि आपण सज्जन म्हणून कडेनेच जातो. अशा दिवशी कडेपासून थोडं आत चालवावं. टायर किमान 28 मिलिमीटरचा घ्यावा, 32 चा बसत असेल तर फारच उत्तम, आणि हवा नेहमीपेक्षा जरा कमी ठेवावी.

चकती लावायची स्वप्नं घरीच ठेवावीत. ओल्या ट्यूबवर सोल्युशन धरत नाही, आणि त्या दिवशी कोरडं असं काहीच नसतं, रुमालसुद्धा. मी दोन नव्या ट्यूब नेतो; चकत्या फक्त मनाच्या समाधानाला. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून हात फिरवून काटा शोधायचा, पण बोटं गारठलेली असतात. गारठलेल्या बोटाला काटा कळत नाही. रक्त दिसलं की कळतं. त्यापेक्षा कापड फिरवा, काट्याला अडकतं. टायर बसवताना त्यावरचं नाव व्हॉल्व्हसमोर येईल असं बसवायची सवय ठेवली, तर ट्यूबमधलं भोक पाहून टायरमधली जागा लगेच सापडते. काटा न काढता नवी ट्यूब घातली, तर ती जुनी व्हायला पाचच मिनिटं लागतात. हवा भरायला गॅसची नळकांडी वापरणाऱ्यांनी हातमोजे काढू नयेत. गॅस सुटताना धातू गोठतो आणि कातडी त्याला चिकटते. हातपंपाला दोन-तीनशे दट्टे लागतात. त्याने निदान अंगात ऊब येते.

काट्यापेक्षा काडी वाईट. बोटाएवढी काटकी चाक उडवतं, ती आऱ्यांत शिरते आणि मागच्या डिरेलरला, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्रणेला, ओढून चाकात घालते. त्याचा हँगर, म्हणजे डिरेलरला सांगाड्याशी जोडणारा धातूचा तुकडा, मोडला की गिअरवाली सायकल ढकलगाडी होते. म्हणून खट् असा आवाज आला की त्या क्षणी पायडल थांबवायचं. ‘जाईल आपोआप’ म्हणून आणखी जोर लावणाऱ्यांमुळेच सुट्या हँगरचा धंदा चालतो. आपल्या सायकलचा हँगर आधीच विकत घेऊन पिशवीत टाकावा, कारण जवळपास दर सायकलला तो वेगळा लागतो. पुढच्या मडगार्डात काटकी अडकली तर मामला आणखी गंभीर: चाक जागीच थांबतं, माणूस मात्र प्रवास चालू ठेवतो. त्यासाठी मडगार्डाच्या तारांना झटक्याने सुटणारी क्लिप असते. ती आहे का हे निघण्यापूर्वी बघावं, हवेत असताना नव्हे.

रस्त्यावर आडवं झाड असेल तर सायकल खांद्यावर घेऊन वळसा घालावा. फांद्यांत वीजतार गुंतलेली दिसली तर मात्र परत फिरायचं, यात विनोद नाही. साचलेल्या पाण्याचा तळ दिसत नसेल तर उतरून ढकलत जावं. पाणी चाकाच्या आसापर्यंत आलं की बेअरिंगमध्ये शिरतं. ओल्या पानांवर वळताना ब्रेक लावू नये. वळणाआधी सरळ असतानाच वेग कमी करावा. आणि रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर ते जरा आधीच धरावेत, कारण चाकाचे पहिले एक-दोन फेरे नुसतं पाणी पुसण्यात जातात.

थंडीबद्दल एवढंच: तापमान 5 अंश असताना ताशी 30 किलोमीटरचा वारा लागला, तर अंगाला शून्यासारखं वाटतं. हातमोज्यांची दुसरी कोरडी जोडी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावी. हात गारठले की ब्रेक दाबतो की नुसताच विचार करतो, हेही समजेनासं होतं.

घरी पोचल्यावर सायकल भिंतीला टेकवून आडवं व्हायचा मोह आवरावा. पाणी हलक्या धारेने सोडायचं. जोराचा फवारा बेअरिंगमधलं ग्रीस घालवतो. चेन पुसून, वाळवून, दर कडीला एक थेंब तेल, मग वरचं तेल पुसून टाकायचं. ब्रेकच्या रबरात रुतलेले खडे टोकदार वस्तूने काढायचे, नाहीतर ते रिम तासत बसतात. शेवटी सीटचा दांडा काढून सायकल उलटी करायची. सांगाड्यात शिरलेलं पाणी तिथूनच बाहेर येतं. दांडा काढण्याआधी त्याच्या उंचीवर टेपची खूण करावी. ती न करणारा माणूस पुढचा आठवडाभर दोन मिलिमीटर वर, दोन मिलिमीटर खाली करत गुडघ्यांशी वाटाघाटी करतो.