‘कसंही असो, लग्न टिकवा’ म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

परवा रात्री धाकट्या बहिणीने एक स्क्रीनशॉट पाठवला. खाली एवढंच, “ताई, हे खरं आहे का?” नवऱ्यापासून वेगळी होऊन तिला जेमतेम चार महिने झालेत. मेसेज टाकला होता आमच्याच मावशीने, घरच्या ग्रुपवर. त्यातले दावे चार: लग्न झालेली माणसं दहा वर्षं जास्त जगतात, भांड्याला भांडं लागलं तरी एकत्र राहणंच तब्येतीला बरं, एकटी राहणारी लवकर जातात, आणि हे हार्वर्डने सिद्ध केलंय.

पहिल्यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करते. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांनी 1858 मध्ये फ्रान्समधले मृत्यूचे आकडे तपासले, तेव्हाही विवाहितांचं मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं, आणि पुढे अनेक देशांत तसंच आढळलं. पण मुळात धडधाकट, कमावत्या माणसांची लग्नं जास्त होतात आणि टिकतात. शिवाय ज्या लग्नाने तब्येत पोखरली ते मोडलं, की पुढचं दुखणं घटस्फोटाच्या खात्यावर मांडलं जातं. सरसकट ‘दहा वर्षं’ कुठून आली, ते मेसेज सांगत नाही.

माझं डोकं फिरलं ते दुसऱ्या दाव्याने. भांडत राहा पण सोबत राहा, म्हणे आयुष्य वाढतं! अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात जॅनिस किकोल्ट-ग्लेसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 42 जोडप्यांना दोनदा चोवीस तास ठेवून घेतलं. प्रत्येकाच्या हातावर यंत्राने त्वचा ओढून बारीक फोड आणले. पहिल्या खेपेला जोडप्यांनी एकमेकांना धीर देणारं बोलायचं होतं, दुसऱ्या खेपेला मतभेदाच्या विषयावर. मग रोज त्या जखमा किती भरल्या ते मोजलं. वादानंतरच्या जखमा हळू भरल्या. ज्या जोडप्यांच्या बोलण्यात कडवटपणा जास्त होता, त्यांच्या जखमा भरण्याचा वेग इतर जोडप्यांच्या 60 टक्केच होता. 2005 सालचा हा अभ्यास आहे. ठरवून दिलेल्या वेळातली बोलाचाली, तीही समोर संशोधक आहेत हे ठाऊक असताना, आणि तरी हातावरची कातडी उशिरा जुळून येते. माझ्या बहिणीने असे वाद नऊ वर्षं, रोज, दार लावून सोसले.

आणि हे फक्त कातडीपुरतं नाही. स्टॉकहोममध्ये हृदयविकार झालेल्या बायकांचा काही वर्षं पाठपुरावा केला गेला. ज्यांच्या वैवाहिक आयुष्यात तीव्र ताण होता, त्यांना पुन्हा हृदयाचा त्रास होण्याचा धोका सुमारे तिप्पट निघाला. बहिणीला रक्तदाबाची गोळी चालू आहे. तिला ‘परत जा’ सांगणाऱ्यांनी हा आकडा आधी वाचावा.

हार्वर्डबद्दल दोनच वाक्यं. माणसांच्या आयुष्याचा मागोवा घेणारा, 1938 पासून चाललेला तिथला अभ्यास जवळच्या नात्यांत समाधान किती, याला महत्त्व देतो. ‘कसंही असो, लग्न टिकवा’ असं त्यात कुठेही नाही.

राहिला एकटेपणा. तो घातक असतो, हे खरंच आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ज्युलियान होल्ट-लुन्स्टॅड यांनी 2010 मध्ये 148 अभ्यास, म्हणजे तीन लाखांवर माणसांची माहिती एकत्र तपासली. नाती भक्कम असणाऱ्यांची जगण्याची शक्यता 50 टक्क्यांनी जास्त निघाली. पण त्यातलंच पुढचं वाचा: माणूस एकटा राहतो की कुणासोबत, एवढंच विचारलं तर परिणाम सगळ्यात कमी दिसला. सगळ्यात जास्त दिसला तो मित्र, नातलग, शेजारी, कामातली माणसं अशा अनेक नात्यांत माणूस किती गुंतलेला आहे, हे मोजल्यावर.

मावशी, तू तिला हा मेसेज पाठवलास; चार महिन्यांत फोन मात्र एकदाही केला नाहीस. मेसेज ग्रुपवरून काढून टाक आणि आज तिला फोन कर. परत जाण्याचा विषय न काढता नुसती जेवलीस का विचार.