होतकरू स्पॅमकर्त्यांसाठी चार हिताच्या गोष्टी

अनोळखी माणसांच्या इनबॉक्समध्ये बिनबोभाट शिरण्याची विद्या आपणांस शिकायची असेल, तर आधी पूर्वसूरींना वंदन करावे. 1978 मध्ये गॅरी थुर्क यांनी इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवरील सुमारे 400 जणांना संगणकांच्या जाहिरातीचे पत्र एकगठ्ठा धाडले, तेव्हा त्यांच्या वाटेत स्पॅम फिल्टर नावाची चाळणी नव्हती. आपल्या नशिबी मात्र ती आली आहे.

शब्द अडत असेल, तर त्याला सोंग द्यावे. ‘व्हायग्रा’ लिहिताना इंग्रजी ‘आय’च्या जागी 1 चा आकडा ठेवावा, किंवा ‘ए’ काढून हुबेहूब तसेच दिसणारे सिरिलिक, म्हणजे रशियन लिपीतले, अक्षर बसवावे.

विषयाच्या ओळीआधी उत्तराची खूण असलेले ‘रि:’ लावावे, म्हणजे नसलेली ओळखही जुनी वाटते.

‘यापुढे पत्रे नकोत’ अशी कळ न चुकता द्यावी. जो ती दाबेल त्याचा पत्ता चालू असल्याचे कळते आणि त्याला दुप्पट पत्रे पाठवता येतात.

आता खरी मेख. 2002 मध्ये प्रोग्रामर पॉल ग्रॅहॅम यांनी बेझच्या संभाव्यतेच्या सूत्रावर चालणाऱ्या फिल्टरचा आराखडा मांडला. असा फिल्टर पत्रातल्या शब्दाशब्दाचे वजन करतो आणि मग निकाल देतो. तेव्हा आपण जाहिरातीखाली पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत सभ्य शब्दांची रास ओतावी : बैठक, पावती, रुग्ण, अहवाल. वाचणाऱ्याला ती दिसत नाही, फिल्टरला दिसते. पत्र सुटले तर उत्तमच. पकडले गेले तरी, पकडलेल्या पत्रांवरून शिकणाऱ्या फिल्टरच्या लेखी हेच निरपराध शब्द हळूहळू संशयित ठरतात आणि भल्या माणसांची पत्रे कचऱ्यात जाऊ लागतात. म्हणजे चोरी तुम्ही करायची आणि झडती शेजाऱ्याच्या घराची व्हायची! गेल्या आठवड्यात माझ्या आईच्या रक्ततपासणीचा अहवाल असाच स्पॅममध्ये जाऊन पडला, आणि त्याच सकाळी कुणा परदेशी लॉटरीचे अभिनंदन मात्र इनबॉक्समध्ये अगदी वरच्या ओळीत ऐटीत बसले होते.

अरे, काही लाज? तुमच्या दीडदमडीच्या गोळ्या खपाव्यात म्हणून आम्ही रोज उकिरडा उपसून आपली पत्रे शोधायची? चार दिवस मी प्रयोगशाळेतल्या मुलीवर फोनवरून ओरडत होतो. ‘सर, पाठवला आहे,’ असे ती दर वेळी सांगत होती, आणि ते खरे होते. तिची माफी मी मागितली. तुम्हाला जाब विचारायचा तर कुठे विचारू? पाठवणाऱ्याचा म्हणून जो पत्ता तुम्ही लिहिता, तोही दुसऱ्याचाच चोरलेला असतो.