प्रवचनाचा खेळ करू नका, म्हणणाऱ्या काकांना

नमस्कार काका,

तुम्ही नाव लिहिलेलं नाही, पण 'आमच्या लहानपणी' हे शब्द तीनदा आलेत, म्हणून काका म्हणते. अंदाज चुकला असेल तर राग मानू नका.

मागच्या लेखात मी आमच्या वाडीतल्या प्रौढांच्या रविवारच्या वर्गाबद्दल लिहिलं होतं. पोप महोदयांचं एखादं प्रवचन घ्यायचं, ते नुसतं वाचून दाखवायचं नाही, लोकांना त्यात ओढून घेईल अशी एखादी कृती करायची, आणि ती कशी ठरवायची, असा तो विषय होता. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा सारांश देते. पोपचं प्रवचन आदराने ऐकायचं असतं, त्याच्या चिठ्ठ्या करून वाटायच्या नसतात. साठीच्या माणसांना बालवाडीसारखं सतरंजीवर बसवणं हा त्यांचा अपमान आहे. कोणीही उठून काहीही बोलतं आणि धर्मशिक्षण बाजूला राहतं. हे सगळं कंपन्यांच्या ट्रेनिंगमधून आलेलं विलायती खूळ आहे. आणि शेवटी, आमच्या लहानपणी फादर पाऊण तास बोलत, कोणी हूं की चूं करत नसे.

सतरंजीचं आधी मिटवून टाकते. तुमचं बरोबर आहे. माझे स्वतःचेच गुडघे आता कुरकुरतात. खुर्च्या आल्या आहेत.

चिठ्ठ्यांच्या बाबतीत तुम्हाला वाटतं त्याहून माझी चूक मोठी आहे. मागच्या लेखात मी ती लिहिली नाही, कारण लाज वाटली. दोन वर्षांपूर्वी नाताळाआधीच्या आगमनकाळात मी एका प्रवचनाचे चोवीस तुकडे केले, चार गट पाडले आणि जो गट ते आधी क्रमाने लावेल तो जिंकला, असं जाहीर केलं. वर्ग हसत होता, टाळ्या पडत होत्या, मी खूश. एका गटात एक निवृत्त मुख्याध्यापक होते, तो गट अर्थातच जिंकला. घरी जाताना एका बाईंच्या हातातली चिठ्ठी मी परत घेतली तेव्हा लक्षात आलं, त्यांनी ती उलटी धरली होती. त्यांना वाचता येत नाही. पन्नास मिनिटं त्या उलटी चिठ्ठी धरून बसल्या होत्या आणि मला ते दिसलं नव्हतं. पुढचे दोन रविवार त्या आल्या नाहीत.

मी घरी गेले. त्यांनी चहा टाकला, रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, 'मला अख्खं प्रवचन पाठ झालं असतं, तू वाचून दाखवलं असतंस तर.' आणि खरोखरच, मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेत, फादर काय बोलले ते त्यांनी चुलीपुढे उभ्या उभ्या मला सांगितलं, उदाहरणांसकट, फादर जिथे थांबले तिथे थांबून.

आता आमच्या वर्गात सगळ्यात जास्त वेळा होणारी कृती हीच आहे. प्रवचन एकदा मोठ्याने वाचायचं, कागद उलटे ठेवायचे आणि एकाने ते आठवेल तसं सांगायचं. बाकीच्यांनी सुटलेलं जोडायचं. साहित्य शून्य. जे सगळ्यांच्याच आठवणीतून सुटतं, तिथेच बहुतेक वेळा त्या दिवसाचा धडा असतो. सुरुवात कोण करतं ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

म्हणजे चिठ्ठ्यांवर मी तुमच्या बाजूची आहे. पण त्यावरून तुम्ही जो निष्कर्ष काढलात, की प्रौढांनी फक्त ऐकावं, तो मला पटत नाही.

बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय काढा. शेवटच्या भोजनाची रात्र. सांगायला किती होतं आणि वेळ किती थोडा! तरी येशू आधी बोलत नाही. उठतो, कमरेला रुमाल बांधतो, पाणी ओततो, एकेकाचे पाय धुतो. पुन्हा जागेवर बसल्यावर विचारतो, मी तुम्हांला काय केलं ते समजलं का? आधी कृती, मग प्रश्न, आणि शिकवण सगळ्यांत शेवटी. समोर बसलेली सगळी कामाधंद्याची मोठी माणसं होती, मुलं नव्हती. आणि 'हे तुमच्या इभ्रतीला शोभत नाही' अशा सुरात हरकत घेणारा त्या खोलीतही एक जण होताच. तो पेत्र होता, येशूचा पट्टशिष्य. तुम्ही वाईट संगतीत नाही, काका.

आता एक धडा सविस्तर सांगते, कारण 'कृती' म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे फुगे आणि टाळ्या येतात असं दिसतं.

२७ मार्च २०२० ची रात्र तुम्हालाही आठवत असेल. आपल्याकडे लॉकडाऊनचा तिसरा दिवस, रात्रीचे साडेदहा. रोममध्ये संध्याकाळ, पाऊस, संत पेत्राचं रिकामं पटांगण आणि त्यात एकटे चालत आलेले पोप फ्रान्सिस. वाचन मार्कच्या चौथ्या अध्यायातलं, वादळात सापडलेल्या होडीचं. प्रवचनाची सुरुवातच 'संध्याकाळ झाली' या शब्दांनी होते. आपण सगळे एकाच होडीत आहोत, हे त्यातलं वाक्य पुढे इतकं फिरलं की गुळगुळीत झालं. म्हणून मी ते वाक्य वर्गात घेतलंच नाही.

योजना करताना मी एकच कसोटी लावते, आणि ती माझी नाही. पोप फ्रान्सिस यांच्याच २०१३ सालच्या 'एव्हान्जेली गौदियुम' या बोधपत्रात प्रवचन कसं असावं यावर बरंच लिहिलंय. तिथे ते आपल्या एका जुन्या शिक्षकांचं म्हणणं सांगतात: चांगल्या प्रवचनात एक विचार, एक भावना आणि एक प्रतिमा असावी. हे धर्मगुरूंसाठी लिहिलंय, पण शिकवणाऱ्यालाही फार उपयोगी आहे. प्रवचन हातात आलं की मी ही तीन शोधते, आणि कृती त्यांतल्या एकीलाच बांधते. तिन्हींना बांधायला गेलं की जत्रा होते.

त्या प्रवचनात प्रतिमा उघड आहे, होडी. आमच्या वर्गात वसईतल्या पाचूबंदरच्या बाजूचे तीन जण येतात, तिघांचा जन्म समुद्रावर गेलेला. एरवी ते मागे बसतात. त्या दिवशी मी त्यांना एवढंच विचारलं की मराठी बायबलात येशू 'वरामावर' झोपला होता असं आहे, तो वराम म्हणजे नेमका कुठे? एक जण उठला, चार खुर्च्या ओढून त्याने होडी मांडली, नाळ, म्हणजे पुढचं टोक, इकडे, वराम तिकडे, आणि मागच्या खुर्चीवर हात ठेवून म्हणाला, इथे. सुकाणूपाशी. मग स्वतःच म्हणाला, 'वादळात इथे कोण झोपतो?' दुसरा म्हणाला, 'खलाशांवर भरवसा असला की तांडेल झोपतो.' तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख.

वर्ग गप्प झाला. हा अर्थ प्रवचनात नाही, फादरांनी तसं हसून सांगितलंही. प्रवचनात भर दुसरीकडे आहे: येशूचा भरवसा पित्यावर आहे, आणि शुभवर्तमानांत येशू झोपलेला आपल्याला फक्त इथेच दिसतो. पण त्या वाक्यामुळे सगळ्यांनी कागद पुन्हा उचलले आणि 'खरंच काय म्हटलंय' ते शोधायला लागले. माझ्यासाठी कृतीची किंमत तेवढीच आहे. तिच्यामुळे माणूस प्रवचनाच्या शब्दांकडे परत गेला पाहिजे. कृती संपल्यावर लोकांना कृतीच आठवत असेल तर ती फसली, मग टाळ्या कितीही पडोत.

मग भावना. शिष्य येशूला उठवताना विचारतात, आम्ही बुडतोय याची तुम्हांला पर्वा नाही का? पोप तिथे थांबतात आणि म्हणतात की आपल्या घरांमध्येही माणसाला सगळ्यांत जास्त लागतं ते हेच, 'तुला माझी पर्वा नाही' हे ऐकणं. हा परिच्छेद मी वाचला आणि तीन मिनिटं शांत बसायला सांगितलं. हे वाक्य आपण शेवटचं कोणाला म्हणालो, किंवा आपल्याला कोण म्हणालं, एवढं मनात आठवायचं. कोणाला सांगायचं नाही, लिहायचं नाही. तीन मिनिटं फार असतात, काका. पंख्याचा आवाज ऐकू येत होता. एक गृहस्थ दोन मिनिटांतच बाहेर पडवीत गेले. परत आल्यावर त्यांना कोणी काही विचारलं नाही, मीही नाही. विचार, म्हणजे एकट्याने कोणी तरत नाही, तो शेवटच्या पाच मिनिटांत आला, आणि मला वेगळा समजावून सांगावा लागला नाही.

तर एकूण साहित्य म्हणजे चार खुर्च्या आणि शांतता. यात खेळ कुठे आहे ते सांगा.

या पन्नास मिनिटांसाठी गुरुवारी रात्री माझे दोन तास गेले, आणि त्यातला बहुतेक वेळ खोडण्यात गेला. प्रवचन एकदा मोठ्याने वाचायचं. दुसऱ्यांदा वाचताना त्यातले प्रश्न अधोरेखित करायचे, कारण चांगला प्रवचनकार स्वतःच प्रश्न विचारत असतो. ८ जुलै २०१३ ला इटलीच्या लाम्पेदुसा बेटावर, समुद्रात बुडून मेलेल्या स्थलांतरितांसाठी पोप फ्रान्सिस बोलले, ते प्रवचन तर प्रश्नांवरच उभं आहे: तुझा भाऊ कुठे आहे? या माणसांसाठी कोण रडलं? असे प्रश्न हातात असताना आपण वेगळे बनवायचे कशाला? तिसऱ्या वाचनात एक परिच्छेद ठरवायचा आणि बाकीचे सोडून द्यायचे. हे जड जातं. आणि शेवटी बघायचं की मी योजलेली कृती दुसऱ्या कुठल्याही प्रवचनाला चालली असती का. चालली असती तर ती काढून टाकायची. चोवीस चिठ्ठ्या कुठल्याही प्रवचनाच्या झाल्या असत्या.

'कोणीही काहीही बोलतं' हे मात्र खरं आहे आणि त्याला माझ्याकडे पक्का इलाज नाही. एकदा एका काकूंनी वीस मिनिटं सुनेबद्दल सांगितलं. हातात छापील कागद असतो, 'हे प्रवचनात कुठे दिसतं तुम्हाला?' असं विचारता येतं, आणि फादर मागे बसलेले असतात. कधी जमतं, कधी नाही. पण नुसतं ऐकून घेतलेल्या वर्गात लोकांच्या डोक्यात काय चुकीचं बसलंय, हे निदान कळत तरी कुठे होतं?

विलायती खुळाबद्दल थोडंसंच. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडचे. १५७९ साली गोव्याला आले, इथली भाषा शिकले, आणि शिकवण मांडताना त्यांनी घेतली ती आपली ओवी. १६१६ साली ख्रिस्तपुराण छापलं गेलं, सुमारे अकरा हजार ओव्यांचं. इथल्या लोकांना पुराण ऐकायची सवय होती, म्हणून शिकवणही त्यांच्या ओळखीच्या चालीत आली. समोरच्या माणसाला आधीपासून काय येतं ते बघून शिकवायचं, हे आपल्याकडे कंपन्यांच्या ट्रेनिंगच्या शेकडो वर्षं आधीचं आहे.

राहता राहिला पाऊण तास. १२ जून २०२४ च्या सार्वजनिक भेटीत पोप फ्रान्सिस यांनी धर्मगुरूंना सांगितलं की प्रवचन आठ मिनिटांच्या वर नको, लोक झोपतात, आणि त्यांचं बरोबरच असतं. तुमच्या लहानपणी हूं की चूं होत नसे, ते ऐकत होते म्हणून की धाकाने, हे मी तिथे नव्हते म्हणून सांगू शकत नाही. पण इतक्या वर्षांनी तुम्हाला ते फादर आठवतात, म्हणजे काहीतरी आत गेलेलं आहे.

त्यांतलं एखादं प्रवचन आठवत असेल तर इथे खाली लिहा, आठवेल तसं. नाहीतर चौथ्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर या आणि सांगा. खुर्ची आहे, चिठ्ठ्या नाहीत. सुटलेलं जोडायला त्या बाई असतीलच, पाऊण तास लागला तरी चालेल.