सिस्टर ‘पळून’ जातात म्हणे

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी फॉरवर्ड टाकला. नर्सिंग शिकायचं इथे, सेवा करायची जर्मनीत, या मुलींना देशाचं काही पडलेलं नाही वगैरे. खाली बारा अंगठे. काकांचा मुलगा २००९ पासून न्यू जर्सीत. त्याचं ग्रीन कार्ड झालं तेव्हा आमच्या मजल्यावर पेढे आले होते. मीही खाल्ले, खोटं कशाला बोलू.

तिथेच भांडणार होतो, बायकोने फोन काढून घेतला. म्हणून इथे लिहितोय.

गेल्या वर्षी बाबांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हा एका खाजगी हॉस्पिटलात अकरा रात्री मी स्टुलावर काढल्या. रात्रपाळीला हिंगोलीकडची एक सिस्टर असायची. वॉर्डात तीस खाटा आणि या दोघीजणी. पडून राहिलेल्या माणसाला दर दोन तासांनी वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. ती यायची, “काका, कूस बदलायची हं,” म्हणायची आणि ७८ किलोच्या माणसाला चादरीसकट वळवायची. मी मदतीला उठलो तर म्हणायची, “तुम्ही ओढू नका दादा, खांदा निखळेल त्यांचा.” तिचं नाव विचारायला मला पाच रात्री लागल्या. तोवर नुसतं ‘सिस्टर, सलाइन संपलं’.

त्या पाचव्या रात्री तीन वाजता ती डबा खात होती. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. समोर ट्रेच्या कडेला मायक्रोपोर टेपच्या पट्ट्या चिकटवलेल्या, त्यावर बॉलपेनने जर्मन शब्द, देवनागरीत. डेर, डी, दास, म्हणजे शब्दाचं लिंग दाखवणारे. तिकडे टेबल म्हणे पुल्लिंगी आणि मुलगी नपुंसकलिंगी! “दादा, तुम्ही विचारा, मी सांगते.” मग रोज रात्री मी मास्तर. बाबांची जीभ जड झालेली, पण तेही ऐकून ऐकून ‘डांके’, म्हणजे धन्यवाद, शिकले. झटक्यानंतर त्यांच्या तोंडून धड निघालेला पहिला शब्द तो. आई अजून टोमणे मारते.

पगार विचारला. १४ हजार. आमची सोसायटी वॉचमनला १६ देते.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने २०१६ मध्येच सांगितलंय की ५० खाटांपेक्षा लहान हॉस्पिटलनेही नर्सला २० हजारांच्या खाली देऊ नये. २०० खाटांच्या वर असेल तर सरकारी नर्सइतका पगार. हे तर भलं मोठं हॉस्पिटल, खाली कॉफी शॉप असलेलं! आमच्या बिलात नर्सिंग चार्जेस वेगळे लावले होते, रोजचे. ते पैसे कोणाच्या खिशात गेले, विचारा काकांना. सरकारी भरतीची वाट बघावी तर ती निघता निघत नाही, आणि कंत्राटी मिळाली तर अकरा महिन्यांची. इकडे कॉलेजच्या फीसाठी तिच्या वडिलांनी एक एकर गहाण टाकलेलं. तिला देश शिकवताय?

आणि २२ मार्च २०२० ला याच काकांनी गॅलरीत थाळी वाजवली होती. व्हिडिओ आहे माझ्याकडे.

बरं, मान्य. सगळ्याच गेल्या तर खेड्यातल्या आरोग्य केंद्रात बाळंतपणं कोण करणार, हा प्रश्न खोटा नाही. तिकडेही सोनं नाही. इथल्या डिप्लोमाला मान्यता मिळेपर्यंत हेल्पर म्हणून राबायचं, आणि म्हाताऱ्यांना आंघोळ घालणं, भरवणं तिकडे नर्सच करते. तिला हे सगळं ठाऊक होतं. ती म्हणाली, “इथेपण तेच करते की. तिथं ते करताना नातेवाईक तरी अंगावर येत नाहीत.” आदल्याच रात्री सात नंबरच्या पेशंटचा मुलगा तिच्यावर हात उगारून गेला होता. डॉक्टर उशिरा आले म्हणून.

मी काय केलं तेव्हा? काही नाही. स्टुलावर बसून होतो.

मुंबई-पुण्याची हॉस्पिटलं वर्षानुवर्षं मल्याळी सिस्टरांनी ओढली. त्या आखातात गेल्या तेव्हा कोणाला देश आठवला नाही. आता हिंगोली-बीडच्या पोरी निघाल्या तर आठवला. आणि २०२४ मध्ये आपल्याच राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी मनुष्यबळ पाठवायचा करार केला, त्यात नर्सेसही आहेत. तो ‘विकास’. स्वतःच्या हिमतीवर गेली तर ‘पळाली’.

असो. खरं तर चिडून लिहायला बसलो, पण काम वेगळंच आहे.

ती अजून गेलेलीच नाही. जर्मनची बी-टू पातळीची परीक्षा पास झाली, तिकडच्या हॉस्पिटलचं पत्र आलं. पण नोकरीला लागताना इथल्या हॉस्पिटलने मूळ मार्कशीट आणि रजिस्ट्रेशन ठेवून घेतलं होतं. बाँड. सोडायचं तर दीड लाख भरा म्हणतात, नाहीतर कागद मिळणार नाहीत. काल रात्री तिचा मेसेज आला, “दादा, कोणी वकील माहीत आहे का?” हॉस्पिटलचं आणि तिचं नाव म्हणूनच लिहिलं नाही, ती अजून तिथेच ड्युटी करते.

कामगार कायदा बघणारं कोणी ओळखीचं असेल तर इनबॉक्समध्ये या. फुकट नको, फी मी देतो. व्हिसाची तारीख पुढच्या महिन्यातली आहे.